महिन्याला चाळीस हीट कमी

‘काका, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना, आहे. वडिलांनी, म्हणजे आबांनी, उभी केली, गेली चार वर्षं मी बघतोय. पाचशे किलोची दोन क्रूसिबल (लोखंड वितळवायची भट्टीची भांडी), बेचाळीस माणसं, महिन्याला १२० टन चांगला माल. त्यातला सत्तर टक्के एकाच ट्रॅक्टर-पार्टवाल्याला जातो: हब, ब्रेक ड्रम, गिअरबॉक्सची कव्हरं. जुलैत ओलं भंगार भट्टीत पडलं आणि लोखंड उसळलं. आमच्या भट्टीवाल्याचा हात आणि मान भाजली. दीड महिना घरी होता. आता येतो म्हणतोय, पण भट्टीवर नको म्हणतो. आबा म्हणतात, भट्टी म्हटली की भाजणं आलंच. बँक पंचवीस लाख द्यायला तयार आहे. मित्र म्हणतात व्हीएमसी, म्हणजे ओतलेला भाग कापून मापात आणणारं संगणकी मशीन, घे. बायको म्हणते वेबसाइट कर, प्रदर्शनात स्टॉल लाव. मला वाटतं आधी भट्टीकडचं नीट करावं. त्यात इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर हा धंदा राहणार का, याचीही धास्ती आहे. पैसे कुठे घालू?’

पत्र दोनदा वाचलं. तुम्ही बरेच आकडे दिलेत, पण एक राहिला. १२० टन चांगला माल बाहेर पडायला तुम्ही लोखंड किती टन वितळवता?

हा आकडा बहुतेकांना चटकन सांगता येत नाही. पाठवलेला माल पाठ असतो, कारण त्याचं बिल होतं. रनर आणि रायझर (साच्याच्या वाटांत आणि पुरवठ्याच्या खोबणीत उरलेलं जास्तीचं लोखंड), रिजेक्शन (नाकारलेला माल) हे सगळं परत भट्टीत जातं, म्हणून ते फुकट गेलं असं कुणाला वाटतच नाही. आपलंच लोखंड आपल्याकडे परत आलं, गेलं काय? गेली ती वीज, गेलं लायनिंग (भट्टीच्या आतलं अस्तर), आणि भट्टीच्या तोंडाशी माणूस जितका वेळ उभा राहिला तो वेळ.

तुमचं यील्ड, म्हणजे वितळवलेल्या लोखंडातून निघणारा चांगला माल, रिजेक्शन धरून साठ टक्के आहे असं समजू. तुमच्या मापाच्या फौंड्रीत ते याच्या आसपास निघालं तर मला नवल वाटणार नाही. म्हणजे १२० टनांसाठी २०० टन वितळवलं. आता रायझरची मापं पुन्हा बघून, दोन-तीन पॅटर्नचं गेटिंग (साच्यात लोखंड शिरायच्या वाटा) बदलून आणि ब्लो होलचं (वायूच्या पोकळ्यांमुळे होणारं) रिजेक्शन थोडं खाली आणून तेच यील्ड सहासष्ट-सदुसष्टवर नेलं, तर १८० टनांत काम होतं. वीस टन कमी. इंडक्शन (विजेवरच्या) भट्टीला टनामागे साधारण सहाशे युनिट धरा, बारा हजार युनिट वाचले. नऊ रुपये दर धरला तर महिन्याला एक लाख आठ हजार. तुमचा खरा दर बिलावर बघून हिशोब दुरुस्त करा.

पण मला त्यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. वीस टन म्हणजे पाचशे किलोच्या चाळीस हीट, म्हणजे चाळीस वेळा भट्टी भरून वितळवणं. महिन्यातून चाळीस वेळा कुणी भंगार टाकणार नाही, स्लॅग (वर तरंगणारी मळी) काढणार नाही, लॅडल (ओतायचं भांडं) भरून चालणार नाही. आबांशी वाद घालू नका, हा कागद त्यांच्यापुढे ठेवा. ‘भट्टी म्हटली की भाजणं आलंच’ म्हणणाऱ्या माणसाला विजेचं बिल मात्र नेहमी समजतं. हे मी चिडून म्हणत नाही. मीही त्याच पिढीतला. उद्यमनगरात कपोलावर (कोक जाळून चालणाऱ्या जुन्या भट्टीवर) उमेदवारी केली तेव्हा पायाला गोणपाट गुंडाळून आम्ही धातू ओतायचो. नीट न तापवलेल्या ओलसर लॅडलमधून लोखंड उकळून वर आलं, त्याचा डाग माझ्या डाव्या पोटरीवर आहे. त्या फौंड्रीत दुसऱ्या दिवशी कुणी लॅडलबद्दल विचारलं नाही. ‘देवानं वाचवलं’ म्हणून नारळ फुटला आणि त्याच लॅडलनं ओतकाम सुरू झालं.

जुलैत तुमच्याकडे काय झालं असेल ते तुम्ही इंजिनिअर असल्यामुळे तुम्हाला ठाऊक आहे, पण आबांसाठी आणि तुमच्या सुपरवायझरसाठी लिहितो. पाण्याची वाफ होताना ते साधारण सतराशे पट फुगतं, आणि चौदाशे अंशांच्या लोखंडात त्याहूनही जास्त. पातळ लोखंडाच्या वर पाणी सांडलं तर ते चरचरून उडून जातं, बहुतेक वेळा इजा होत नाही. म्हणूनच लोक बेफिकीर होतात. तेच पाणी भंगाराच्या पोटात बसून लोखंडाच्या खाली गेलं की वाफेला बाहेर पडायला वाट नसते. मग ती वरचं सगळं लोखंड घेऊनच बाहेर येते. वाटीभर पाणी पुरतं. दोन्ही टोकं चेपलेला पाइपचा तुकडा, जुना शॉक अ‍ॅब्सॉर्बर, झाकण बसलेला डबा, ओल्या बोरिंगचा (लोखंडाच्या किसाचा) घट्ट गोळा, सगळ्यांचं काम एकच. परदेशी भंगार घेत असाल तर आणखी सावध राहा. २००४ साली गाझियाबादजवळ साहिबाबादला आयात भंगारातून आलेल्या जिवंत तोफगोळ्याचा स्फोट झाला होता आणि त्यात कामगार गेले.

आपल्याकडचा पाऊस म्हणजे काय हे शिरोलीवाल्याला मी सांगायला नको. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी तुमच्याच दारातल्या हायवेवर होतं. अशा गावात जून ते सप्टेंबर भंगार उघड्यावर ठेवणं म्हणजे वर्षातले चार महिने नशिबावर भट्टी चालवणं. म्हणून पंचवीस लाखांतला पहिला रुपया शेडला. नुसता पत्रा पुरणार नाही. खाली उताराची काँक्रीटची जमीन हवी, नाहीतर वरून झाकलेलं भंगार खालून पाणी पितं. आलेला माल आधी एका बाजूला, निवडून कापून तपासलेला दुसऱ्या बाजूला, आणि भट्टीकडे फक्त दुसऱ्या बाजूचाच जाईल असं करा. शक्य असेल तर गॅसवर भंगार तापवून घ्यायची सोय करा. तेल आणि ओल दोन्ही जातात आणि भट्टीची थोडी वीजही वाचते. ते जमेपर्यंत एक नियम तरी पाळा: शंका असलेलं भंगार रिकाम्या क्रूसिबलमध्ये चार्जच्या (भट्टीत घालायच्या मालाच्या) सुरुवातीला घालायचं, पातळ लोखंडावर कधीच नाही.

त्या निवडीच्या शेडवर आबांना बसवा. मी थट्टा करत नाही. चाळीस वर्षं भंगार हाताळलेल्या माणसाला तुकडा उचलल्यावर कळतं की आत पोकळी आहे. ही नजर तुमच्याकडे नाही, सुपरवायझरकडेही नाही. गाडी परत पाठवायचा अधिकार त्यांना द्या आणि परत पाठवली तर तुम्ही मध्ये पडू नका. भंगारवाला पुढच्या खेपेला आपोआप सुधारतो.

मग भट्टीखालचा खड्डा. सगळ्यांत वाईट अपघात तोंडाशी होत नाहीत, खाली होतात. लायनिंग झिजून लोखंड कॉइलपर्यंत (भट्टीभोवतीच्या, आतून पाणी फिरणाऱ्या वेटोळ्यापर्यंत) पोचलं, पाण्याची नळी फुटली आणि लोखंड खड्ड्यात उतरलं, तर त्या वेळी खड्डा कोरडा असायलाच हवा. पावसाळ्यात तो पाझरतो. पंप बसवा आणि रोज सकाळी कुणीतरी बॅटरी मारून आत बघितलंय याची सही घ्या. अर्थ लीकेजचा (लोखंड कॉइलकडे पोचू लागलं की वाजणारा) अलार्म तुमच्याकडे असणारच. पुढच्या रिलायनिंगच्या वेळी क्रूसिबलच्या तळातली त्याची तार खरोखर लोखंडाला लागते का ते स्वतः उभं राहून तपासा. ‘सारखा वाजतो’ म्हणून तो अलार्म बायपास केलेला मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलाय, आणि तो वाजत होता तो खोटाही नव्हता. लाइट गेल्यावर कॉइलला पाणी देणारी उंचावरची टाकी भरलेली आहे का, तिचा व्हॉल्व्ह गंजून बसलाय का, हेही बघा.

चार्ज वर अडकून पूल झाला, खाली लोखंड तापतंय आणि वर घट्ट झाकण, अशा वेळी आपली माणसं सब्बल घेऊन धावतात. ते थांबवा. आधी वीज बंद, माणसं मागे, मग भट्टी हळू कलती करून खालच्या पातळ लोखंडानंच तो पूल वितळू द्यायचा. हे भिंतीवर लावायचं असेल तर हिंदीतही लावा. तुमच्या बेचाळिसांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची माणसं किती आहेत ते तुम्हाला माहीत. त्यांना मराठी पाटी म्हणजे नक्षी. खरं तर पाटीपेक्षा शिफ्टच्या आधी दोन मिनिटं उभं राहून बोललेलं जास्त चालतं.

कपडे, चष्मा, मोजेबूट यांचा नंबर या सगळ्यानंतर. माणसं ते अंगावर ठेवत नाहीत असं तुम्ही म्हणाल. उन्हाळ्यात भट्टीजवळ अ‍ॅल्युमिनियमचा कोट घालून एकदा स्वतः अर्धा तास उभे राहा, मग का ठेवत नाहीत ते कळेल. पंखा, सावली, पाणी, मध्ये बसायची सुट्टी दिली की कोट अंगावर राहतो. टेरिकॉटचा शर्ट मात्र भट्टीवर बंद, एका दिवसात. तो जळताना वितळून कातडीला चिकटतो.

पत्रात तुम्ही लिहिलं नाही, तरी एक गोष्ट सांगतो. भाजलेलं दिसतं, म्हणून त्याची बातमी होते. नॉकआऊट (साचा फोडणं) आणि फेटलिंगच्या (कास्टिंग घासून साफ करण्याच्या) धुळीतली सिलिका दिसत नाही. ती दहा-पंधरा वर्षांनी दम लागल्यावर कळते, तोवर माणूस गावाला परत गेलेला असतो आणि तुमच्या रजिस्टरमध्ये त्याचं नाव फक्त हजेरीपुरतं उरतं. सिलिकोसिस, म्हणजे या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार, १९४८ च्या कारखाना कायद्यापासून कळवायच्या आजारांच्या यादीत आहे. हवेच्या नळीनं धूळ उडवून सफाई करायची आपली सवय आहे, तेवढी बंद केली तरी फरक पडतो. फेटलिंगला एक्झॉस्ट आणि दरवर्षी छातीची तपासणी, कंत्राटदाराच्या माणसांचीसुद्धा. आणि जुलैचा अपघात तुम्ही कळवला होता का? माणूस अठ्ठेचाळीस तास कामावर येऊ शकला नाही की तो कळवावा लागतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तरी ही अट सुटलेली नाही. कळवला नसेल तर चांगला सल्लागार गाठून आधी तेवढं निस्तरा.

एवढ्या सगळ्याला पंचवीसातले निम्मेही लागू नयेत असा माझा अंदाज. कोटेशन घ्या आणि बघा.

आता व्हीएमसी. मित्रांचं म्हणणं चूक नाही, मशिनिंग केलेल्या मालाला किलोमागे पैसे जास्त मिळतात. पण यंत्र विकत घेतलं की त्याच्या हप्त्यासाठी काम शोधावं लागतं, आणि ते काम तुम्ही आज ज्याच्यावर सत्तर टक्के टेकला आहात त्याच्याकडूनच आणाल. मग सत्तरचे ऐंशी होतील. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठेही जा, रिकामी उभी असलेली मशीन सापडेल. वर्षभर शेजाऱ्याकडून जॉबवर्क करून मशिन केलेला माल द्या. मशिनिंगमध्ये तुमचं कास्टिंग कुठे फसतं, हार्ड स्पॉट (कडक डाग) किती, सँड इन्क्लुजन (अडकलेली वाळू) किती, हे शेजारी रोज शिव्या देऊन सांगेल. ते शिक्षण फुकटचं आहे. ते पचलं की मशीन घ्या.

वहिनींच्या म्हणण्यात मुद्दा आहे, फक्त स्टॉल कुठे लावायचा ते बघा. फौंड्रीवाल्यांच्या प्रदर्शनात जरूर जावं, पण तिथले बहुतेक स्टॉल आपल्यालाच काहीतरी विकणाऱ्यांचे असतात. गिऱ्हाईक हवं असेल तर गिऱ्हाइकाच्या बाजारात जायचं: पंप आणि व्हॉल्व्हवाल्यांची प्रदर्शनं, पुण्याचं शेती प्रदर्शन, आणि इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांकडे तर स्कूटरवरून जाता येतं. पहिल्या वर्षी स्टॉल घेऊ नका. तिकीट काढून फिरा, दहा कास्टिंग बघून या आणि यातली तीन आपण करू शकतो का ते रात्री बसून ठरवा.

वेबसाइटच्या आधी एक पान तयार करा. साच्याच्या बॉक्सचं माप, सगळ्यांत जड आणि सगळ्यांत पातळ कास्टिंग, ग्रेड कोणत्या (ग्रे लोखंडाची एफजी २६० आणि चिवट लोखंडाची एसजी ५००/७ दोन्ही सरावानं देता का, की मागितली तर बघू?), स्पेक्ट्रोमीटर (धातूतले घटक मोजणारं यंत्र) स्वतःचा की बाहेरचा, महिन्याला किती टन मोकळे. आणि आपण काय करत नाही तेही. ‘सगळं करतो’ म्हणणाऱ्या फौंड्रीला खरेदीवाला दुसऱ्यांदा फोन करत नाही. ड्रॉइंग आलं की दोन दिवसांत उत्तर, नकार असला तरी. बहुतेक फौंड्र्या पंधरा दिवस गप्प बसतात, म्हणून एवढ्यानंही तुमचं नाव लक्षात राहील.

मग तो माणूस फौंड्री बघायला येतो. ऑफिसात चहा पिऊन जाणारे असतात, पण जो मोठी ऑर्डर देणार असतो तो थेट भट्टीच्या प्लॅटफॉर्मवर चढतो. खड्ड्यात पाणी दिसलं, भंगार उघड्यावर दिसलं, की तो तुमच्याशी छान बोलतो आणि पुन्हा येत नाही. त्याचं गणित साधं आहे. अपघात होऊन ही भट्टी महिनाभर बंद पडली तर माझी लाइन थांबणार. जुलैत तुमची भट्टी किती दिवस बंद होती आणि ट्रॅक्टरवाल्यानं काय ऐकवलं, हे पत्रात नाही. पण ते तुम्हाला आठवत असणार.

दर सांगताना किलोवर सांगू नका, किंवा सांगावाच लागला तर आत दोन भाग ठेवा: भंगार आणि पिग आयर्नचा भाव वेगळा, आपलं रूपांतराचं काम वेगळं. भाव बदलला की पहिला भाग दर तिमाहीला बदलेल असं लेखी घ्या. आज तुमच्याकडे बहुधा सगळं एकत्र आहे. भंगार चढलं की तुमचा नफा जातो, उतरलं की खरेदीवाला फोन करतो.

आणि उधारी. उद्यम नोंदणी आहे ना? १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची उलाढालीची मर्यादा १०० कोटी झाली, तुम्ही त्यात सहज बसता. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल मुदतीत, म्हणजे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिलं नाही तर घेणाऱ्याला ती रक्कम त्या वर्षी आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. हे हत्यार सत्तर टक्केवाल्यावर उपसायची हिंमत कुणाला होत नाही, मलाही झाली नसती. त्यापेक्षा त्याला ट्रेड्सवर, म्हणजे मान्य बिलावर बँकेचे पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर, बिल मान्य करायला सांगा. २५० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. पैसे तुम्हाला बँकेकडून लवकर मिळतात, त्याची मुदत त्याच्याकडे राहते, भांडण होत नाही.

इलेक्ट्रिकची धास्ती तुम्ही जरा जास्त घेतली आहे. ज्यांचा धंदा इंजिनच्या ब्लॉक, हेड, मॅनिफोल्डवर आहे त्यांनी धास्ती घ्यावी, दुचाकीवाल्यांनी तर आधीच. तुमचे हब आणि ब्रेक ड्रम इंजिनचे नाहीत, चाकाचे आहेत, आणि ट्रॅक्टर बॅटरीवर जाईल तो सगळ्यांच्या शेवटी. तुमचा धोका पावसाचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, अशा वेळी मागणीला वारा लागतो आणि सगळ्यांना वाटतं आता असंच चालणार. एक पाऊस हुकला की शेडमध्ये हबचे ढीग. म्हणून दुसरं गिऱ्हाईक पावसावर न चालणारं शोधा. व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसर, पंप यांतलं एक पुरे. त्या वाटेनं युरोपला माल जायला लागला, तर कार्बनचा हिशोब विचारला जाऊ शकतो. युरोपनं सीमेवरचा कार्बन कर १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू केलाय आणि लोखंडी पाइप फिटिंगसारख्या वस्तू त्यात येतात.   किती वितळवलं आणि त्यात काय घातलं याचं रजिस्टर यील्डसाठी आजपासून लिहायला घ्या, ते तिथेही कामी येईल.

तुमच्या भट्टीवाल्याबद्दल. दीड महिन्याचा पगार त्याला पूर्ण मिळाला का, हे पत्रात नाही. मिळाला नसेल तर पंचवीस लाखांच्या आधी तो द्या, घरी जाऊन. आबांना बरोबर न्या. त्याला भट्टीवर उभं करू नका, कोअर शॉपला (साच्यातले वाळूचे गाभे करतात तिथे) घ्या आणि भट्टीचा पगार तसाच ठेवा. बाकीची एकेचाळीस माणसं त्याच्या पगाराकडे बघतायत. थोडा सावरला की त्या दिवशी भंगाराच्या बकेटमध्ये नक्की काय होतं ते त्याला विचारा, सुपरवायझर नसताना. शेड कुठल्या बाजूला बांधायची हे त्याच्याकडून कळेल.

तोवर तुमच्या तीन सगळ्यांत जास्त चालणाऱ्या पार्टचं नेट वजन आणि ओतलेलं वजन मोजून ठेवा. पुढच्या पत्रात ते पाठवा, रायझरच्या मापांसकट. ती बघायला मला आवडेल.